मासे आणण्याआधी पाणी विरजू द्या

रविवारी संध्याकाळी एखाद्या फिशटँकच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की एक कुटुंब हमखास बाहेर पडताना दिसतं. वडिलांनी काचेची नवी टाकी छातीशी धरलेली असते. आईच्या हातात रंगीत खड्यांची पिशवी आणि फिल्टरचा खोका. मुलीच्या ओंजळीत हवेने फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात आठ-दहा मासे. रिक्षात बसल्यावरही तिची नजर पिशवीवरून हलत नाही. घरी पोचल्यावर तासाभरात टाकी नळाच्या पाण्याने भरते, दिवा लागतो, मासे सोडले जातात आणि सगळं घर टाकीभोवती गोळा होतं.

हा लेख त्या कुटुंबासाठी आहे. ते दुकानाची पायरी चढण्याआधी त्यांच्या वाचनात यावा, एवढीच माझी इच्छा. सांगायचं एकच आहे. टाकी आज घ्या, मासे आज घेऊ नका. दोन्हींच्या मध्ये महिना-सव्वा महिना जाऊ द्या.

पंधरा वर्षांपूर्वी मलाही हे कुणी सांगायला हवं होतं. मुलाच्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले. नऊ गोल्डफिश होते. आठ सोनेरी आणि एक काळा, कारण घरात तसेच ठेवायचे असतात असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं. पहिले तीन दिवस मजेत गेले. मुलगा शाळेतून आला की दप्तर न उतरवता आधी मासे मोजायचा. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडं उघडझाप करू लागले. दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, "पाणी खराब झालंय, सगळं काढून नवीन भरा." आम्ही टाकी रिकामी केली, साबणाने घासली, खडे उन्हात वाळवले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला आणि ताजं पाणी भरलं. रविवार उजाडेपर्यंत दोनच मासे उरले होते, मंगळवारी तेही गेले. काळा मासा सगळ्यात आधी गेला तेव्हा घरातलं एक वडीलधारं माणूस म्हणालं, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." त्या बोलण्यामागची माया मला कळत होती. पण त्या माशाने आमचं कोणतंही संकट घेतलं नव्हतं. आम्हीच त्याच्यावर संकट आणलं होतं. मुलाने मासे मोजणं तोवर बंद केलं होतं.

मासे कशाने गेले

अन्नातलं प्रथिन पचलं, की माशाच्या शरीरात अमोनिया तयार होतो आणि त्यातला बराचसा तो कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. न खाल्लेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असतं, तिथे हा अमोनिया कुठल्या कुठे पांगतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकीत मात्र जेमतेम ५० ते ५५ लिटर पाणी मावतं. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत चूल पेटवावी आणि धूर कोंडत जावा, तसा त्या पाण्यात अमोनिया कोंडत जातो. माशांचे कल्ले होरपळतात, त्यांना श्वास घेववत नाही. तोंड वर काढून हवेसाठी धडपडणारा मासा आपल्याला हेच सांगत असतो.

यात फसगत अशी, की पाणी काचेसारखं नितळ दिसत असतं. अमोनियाला रंग नाही आणि एवढ्याशा प्रमाणात वासही येत नाही. नितळ दिसणारं पाणी माशांसाठी निर्मळ असेलच असं नाही, ही या छंदातली पहिली शिकवण आहे.

निसर्गात या अमोनियाची विल्हेवाट जीवाणू लावतात. एक गट अमोनियापासून नायट्राइट बनवतो. नायट्राइटही विषच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मग दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं. थोडंथोडं पाणी बदलून आणि पाणवनस्पती लावून ते आटोक्यात ठेवता येतं. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले आणि अमोनिया, नायट्राइट यांच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात हे सिद्ध केलं. शेतकरी वाचकांना ही साखळी नवी वाटायची नाही. शेतात टाकलेल्या युरियाचा आधी अमोनिया आणि मग नायट्रेट होतं, ते पिकाची मुळं उचलतात. जमिनीतही हे काम असेच जीवाणू करतात.

नव्या टाकीत अडचण एवढीच, की हे जीवाणू तिथे अजून पुरेसे नसतात. नळाचं पाणी क्लोरिन घालून निर्जंतुक केलेलं, काच नवी, खडे नवे, स्पंज नवा. दूध भांड्यात आहे, पण विरजण लावलेलंच नाही, अशी ती अवस्था आहे. आणि आपण त्याच दिवशी दही मागतो.

विरजणाशी तुलना केली, पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. दह्यातले जीवाणू भराभर वाढतात, म्हणून रात्री विरजण लावलं की सकाळी दही तयार. टाकीतले हे जीवाणू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्यांना साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. म्हणून दह्याला एक रात्र पुरते आणि टाकीला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट. हे जीवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत. स्पंजच्या छिद्रांत, खड्यांवर, काचेवर ते चिकटून वस्ती करतात. आम्ही सगळी टाकी साबणाने धुतली तेव्हा जी थोडीफार वस्ती जमली असेल तीही आम्ही उठवून लावली. आपल्याकडे लख्ख घासलेलं भांडं म्हणजे स्वच्छ भांडं, आणि स्वयंपाकघरात ते योग्यच आहे. माशांच्या टाकीत तीच सवय घातक ठरते. दर रविवारी टाकी उपसून घासणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. मनापासून मेहनत करणारी ही माणसं दर आठवड्याला माशांना पुन्हा पहिल्या दिवसावर आणून सोडतात.

दुकानात बहुतेक वेळा सांगतात, "दोन दिवस पाणी भरून ठेवा, मग मासे टाका." या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. दोन दिवसांत पाण्यातला साधा क्लोरिन उडून जातो. पण क्लोरिन जाणं वेगळं आणि जीवाणूंची वस्ती होणं वेगळं. नुसतं पाणी भरून महिनाभर ठेवलं तरी वस्ती वाढत नाही, कारण त्यांना खायला काहीच नसतं. दूध कितीही वेळ ठेवलं तरी विरजणाशिवाय चांगलं दही होत नाही, तसंच हे.

महिनाभर काय करायचं

आधी टाकी कुठे ठेवायची ते ठरवा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे ५० लिटरची टाकी काच आणि खडे धरून ६० किलोंच्या पुढे जाते. टीव्हीच्या नाजूक कपाटावर ती ठेवू नका. मजबूत, सपाट जागा निवडा आणि खाली थर्माकोलची शीट घाला. थेट ऊन येणारी खिडकी टाळा, नाहीतर काचेवर शेवाळ चढत राहील. विजेच्या तारेला टाकीपासून बटणापर्यंत एक झोळ सोडा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करायची शिस्त घरातल्या सगळ्यांना लावा.

खडे नुसत्या पाण्याने धुऊन घ्या, साबण अजिबात नको. पाणी भरा. क्लोरिन घालवण्यासाठी दुकानात हायपो म्हणून मिळणारे स्फटिक किंवा बाटलीतलं द्रावण सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. फिल्टर सुरू करा आणि तो रात्रंदिवस चालू ठेवा. रात्री आवाज होतो म्हणून बंद करू नका. जीवाणूंना प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना वाहतं पाणी आणून देतं. तुमच्या गावात भारनियमन असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवा.

आता विरजण. घरात विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. इथेही तेच करा. ज्याच्या टाकीत महिनोन् महिने निरोगी मासे आहेत अशा मित्राकडून फिल्टरच्या जुन्या स्पंजचा एक तुकडा किंवा मूठभर खडे मागून आणा. त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, वाळू न देता घरी न्या आणि तुमच्या फिल्टरजवळ ठेवा. मळकट दिसतो म्हणून धुऊ नका, कारण हवा आहे तो मळच. मित्राच्या टाकीतलं नुसतं पाणी आणून फारसा उपयोग होत नाही. असं विरजण मिळालं तर सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येऊ शकतं. मात्र ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथलं काही आणू नका.

विरजण मिळो न मिळो, जीवाणूंना खाऊ घालायला हवंच. मासे नसलेल्या टाकीत रोज माशांच्या खाद्याची लहान चिमूट टाका. ते कुजेल, अमोनिया होईल आणि त्यावर जीवाणूंची वस्ती वाढेल. पाणी थोडं गढूळ होईल, वासही येईल. घाबरून उपसायला जाऊ नका.

सोबत अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासणारं थेंबांचं टेस्ट किट घ्या. छोट्या काचनळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. रंगीत दिवे, प्लॅस्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा पेटारा, यांवर जो खर्च होतो त्याआधी हा खर्च करा. आठवड्यातून दोनदा तपासून वहीत मांडा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया वर चढेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलेलं, असं सलग आठवडाभर आलं की पाणी विरजलं असं समजा. मुंबई-कोकणच्या उबदार हवेत हे लवकर होतं. नाशिक-पुण्याच्या थंडीत वेळ लागतो. मासे सोडायच्या आदल्या दिवशी निम्मं पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट कमी होईल.

या महिन्यात झाडंही लावा. जावा मॉस, जावा फर्न, अ‍ॅनुबियास ही कमी उजेडातही तग धरतात. घरातल्या मनी प्लांटची एक फांदी, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात अशी टाकीच्या कडेला लावली, तर ती नायट्रेट खात वाढते.

पहिले मासे कोणते

आधी आपलं पाणी ओळखा. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. हे पावसाचं साठवलेलं पाणी मऊ असतं. मराठवाड्यात, विदर्भात किंवा शहराच्या कडेला बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नसेल, हंड्याला पांढरा थर बसत असेल, तर पाणी जड आहे. जड पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी खुशीत राहतात. आरओचं पाणी थेट टाकीत भरू नका. माशांना लागणारे क्षार त्यात जवळजवळ उरलेले नसतात.

नवशिक्याने सुरुवात झेब्रा डॅनिओने करावी असं मी आग्रहाने सांगेन. हा मासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासासाठी पाळला जातो. जेमतेम दीड-दोन इंच लांबी, अंगावर निळे पट्टे, दिवसभर चपळ हालचाल आणि बदल सोसण्याची ताकद. तो थव्याने राहतो, म्हणून पाच-सहा एकत्र आणा. गप्पीही चालतील. आरोग्य खात्याचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाण्याच्या टाक्यांत सोडतात तेच हे मासे. पण गप्पीचे नर-मादी एकत्र ठेवले तर साधारण महिन्याला पिल्लं होतात, हे लक्षात ठेवून हवं तर फक्त नर घ्या.

५० लिटरच्या टाकीत पहिल्या खेपेला पाच-सहा छोटे मासे, बस. जीवाणूंची वस्ती जेवढं अन्न मिळतं तेवढीच वाढते. एकदम वीस मासे टाकले तर तिला ते झेपत नाही. पुढची खेप दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा तपासून. सगळे मिळून दहा-बारा छोटे मासे झाले, की तिथे थांबा.

आता काही मासे, जे कितीही आवडले तरी पहिल्या टाकीसाठी आणू नयेत. पहिला गोल्डफिश, ज्याच्यापासून आपल्याकडे बहुतेक जण सुरुवात करतात. तो भरपूर खातो, भरपूर घाण करतो, नीट ठेवला तर दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो आणि वीतभर वाढतो. काचेच्या गोल भांड्यात किंवा फूटभर टाकीत नऊ गोल्डफिश ठेवणं म्हणजे त्यांचं मरण ठरवून ठेवणं. वास्तूसाठी मासे ठेवणाऱ्यांची श्रद्धा मला मोडायची नाही. पण ज्या घरात जीव गुदमरतो आहे त्या घरात शांती कशी नांदेल, हा विचार त्यांनी जरूर करावा. श्रद्धा जपायची असेल तर टाकी मोठी घ्या आणि मासे कमी ठेवा.

दुसरा 'टाकी साफ करणारा' म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर. दुकानात दोन इंचांचा असतो, पुढे फूट-दीड फूट होतो. तो शेवाळ थोडंफार खातो, पण स्वतः घाण करतो ती त्याहून कितीतरी जास्त. तिसरा 'शार्क' म्हणून मिळणारा करड्या-चंदेरी रंगाचा चपळ मासा. तो शार्क नाही. पंगस या नावाने मासळीबाजारात जो विकला जातो त्याचं ते पिल्लू आहे, आणि पूर्ण वाढलं तर मीटरभर लांब होतं. चौथे, अंगात सुईने रंग भरलेले पारदर्शक मासे. त्या रंगाच्या सुया माशाला काय यातना देत असतील, याचा विचार करून ते कुणीच विकत घेऊ नयेत. गिऱ्हाईक नसेल तर हा प्रकार बंद पडेल.

फायटर म्हणजे बेटा मासा एकटाच ठेवायचा. तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो म्हणून प्लॅस्टिकच्या ग्लासात विकतात. पण ग्लासात तग धरणं आणि नीट जगणं यांत फरक आहे. त्यालाही वीसेक लिटर विरजलेलं पाणी आणि झाकण असलेली टाकी द्या.

दुकानात मासे निवडताना घाई नको. ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसतो, तिथला कुठलाही मासा नको. पंख मिटून कोपऱ्यात बसलेले, मिठाचे कण शिंपडल्यासारखे अंगावर पांढरे ठिपके असलेले, किंवा दगडांना अंग घासणारे मासे नको. खाद्य टाकून दाखवा असं दुकानदाराला सांगा. जो तत्परतेने खायला येतो तो मासा चांगला.

घरी आणण्याचा दिवस

दुकानातून थेट घरी या, वाटेत दुसरी खरेदी काढू नका. पिशवी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. घरी पोचल्यावर टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होईल. मग पिशवी उघडा आणि दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी तिच्यात घाला. असं चार-पाचदा करा. लांबच्या गावाहून पाच-सहा तासांचा प्रवास करून आणले असतील, तर पिशवीतच अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडली की तो अधिक विषारी होतो. त्या वेळी तापमान जुळल्यावर फार वेळ न घालवता मासे सोडा.

मासे जाळीने अलगद उचलून टाकीत सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका, त्यात घाण आणि रोग दोन्ही असू शकतात. पहिला दिवस दिवा बंद ठेवा आणि खायला घालू नका. मुलांना दुरून पाहू द्या, काचेवर टकटक करू देऊ नका. मासे झाडांमागे लपतील, रंग थोडे फिके पडतील. उद्यापर्यंत ते सावरतील.

खायला घालायची जबाबदारी घरात एकाकडेच द्या. सकाळी आजीने घातलं, दुपारी नातवाने आणि रात्री बाबांनी, असं झालं की दोन दिवसांत पाणी बिघडतं. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं समजा आणि त्या बेताने घाला. दिवाळीत चार दिवस गावी जाताना मूठभर खाद्य टाकून जाऊ नका. निरोगी मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी राहू शकतो, कुजलेल्या खाद्यात राहू शकत नाही.

पहिले दोन आठवडे दोन दिवसांनी पाणी तपासा. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, नवं पाणी क्लोरिन घालवलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं असू द्या. स्पंज महिन्यातून एकदा, बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा दाबून घ्या. नळाखाली धुऊ नका. टाकी पूर्ण रिकामी करण्याची वेळ खरं तर कधीच येऊ नये.

हे वाचताना कुणाच्या घरी मासे आधीच आले असतील आणि ते वर येऊन तोंडं उघडत असतील, तर हताश होऊ नका. आजच पाव ते एक तृतीयांश पाणी बदला आणि अमोनिया, नायट्राइट खाली येईपर्यंत रोज बदलत राहा. खाद्य दिवसाआड आणि अगदी चिमूटभर. एअर पंप पूर्ण जोरात. ओळखीच्या कुणाचा जुना स्पंज मिळाला तर आजच आणा. नायट्राइट दिसत असेल तर दहा लिटरला एक छोटा चमचा खडेमीठ विरघळवून घाला, त्याने नायट्राइट कल्ल्यांतून शिरायला अटकाव होतो. साबण आणि 'सगळं पाणी बदला' हे दोन्ही टाळा. बरेच मासे असे वाचतात.

आणि एक कळकळीची विनंती. मासा फार मोठा झाला, किंवा टाकी नकोशी झाली, तर त्याला नदीत, विहिरीत, तलावात सोडू नका. सोडणाऱ्याला ते पुण्य वाटतं. पण परदेशातून आलेला सकर आज आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. तिथल्या माशांची अंडी तो खातो, मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. बाजारात त्याला भाव नाही. हे मासे कुठून आले? कुणाच्या तरी दिवाणखान्यातून. मासा दुकानात परत द्या, दुसऱ्या छंदिष्टाला द्या, पण नदीला देऊ नका.

आमच्या घरी दुसरी टाकी वर्षभराने आली. तेव्हा मुलाला मासे मोजायला नव्हते, म्हणून तो रंग मोजायचा. काचनळीत थेंब टाकायचे, तक्ता शेजारी धरायचा आणि वहीत तारीख घालून लिहायचं. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकताना त्याने पहिल्या आठवड्यात चारदा विचारलं, मासे कधी आणायचे. तिसऱ्या आठवड्यात विचारणं थांबलं, कारण अमोनियाचा रंग उतरताना त्याने स्वतः पाहिला होता आणि पुढे काय होणार हे त्याला कळलं होतं. पस्तिसाव्या दिवशी आम्ही सहा झेब्रा डॅनिओ घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवता त्याने मोजले. सहा. आठवड्याने मोजले, सहा. दिवाळीनंतरही सहाच.

तुमच्या मुलीच्या ओंजळीतही ती पिशवी येऊ द्या. फक्त महिनाभराने येऊ द्या.